ऊरची वही

रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अंगणातून आवाज यायचा, "काटेवाले, वर किती?"

मी आतूनच आकडा सांगायचो. तो ऐकल्याशिवाय गुरुजी दारापुढून हलायचे नाहीत. मी अंघोळीत असलो, तापाने पडलो असलो, तरी आकडा माझ्याच तोंडून गेला पाहिजे, असा त्यांचा नेम होता.

काटेवाले म्हणजे मी. तेव्हा मी नांदेडला वजनमापे तपासण्याच्या सरकारी नोकरीत होतो. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, चुकीचे असतील तर जप्त करायचे. इतकी वर्षं हेच केल्यामुळे कुठलीही वस्तू उचलली की तिचं वजन मला पाव किलोच्या फरकाने सांगता येतं. 'वर' म्हणजे आमच्या दोन खोल्यांच्या पत्र्यावर. आणि 'किती' म्हणजे किती दगड.

आमच्या भागात पत्र्याचं घर म्हटलं की वर दगड आलेच. वळवाच्या आधी असा वारा सुटतो की अख्खा पत्रा उचलून शेजारच्या गल्लीत नेऊन टाकतो. म्हणून कडेकडेने दगड ठेवायचे. माझ्या वडिलांनी ठेवले, आजोबांनी ठेवले. नांदेडहून लातूरला एसटीने जाताना मी एकदा खिडकीतून मोजायला बसलो होतो. अहमदपूर येईपर्यंत दगड नसलेले पत्रे सात निघाले, आणि त्यातले तीन गोठ्यांचे. त्यामुळे पत्र्यावरच्या दगडात भिण्यासारखं काही असतं, हे गुरुजींच्या घरी राहायला जाईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

गुरुजी म्हणजे आमचे घरमालक. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. नोकरीतली बरीचशी वर्षं त्यांनी देगलूर तालुक्यात काढली होती. शरीराने काटकुळे, उजवा गुडघा निकामी, हातात वेळूची काठी. समोर स्लॅबच्या एका खोलीत ते एकटे राहायचे आणि मागच्या पत्र्याच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचे.

खोल्या बघायला गेलो तेव्हा माझ्या आधी एक जण येऊन बसला होता. गुरुजींनी त्याला पाणी दिलं आणि गाव विचारलं.

"नायगाव," तो म्हणाला.

"नायगावात 'गाव' हाय. चांगलं हाय. पण खोली न्हाई."

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. गुरुजी माझ्याकडे वळले. "तुमचं?"

"चाकूर."

"तोडून बोला."

"म्हणजे?"

"चाक, आणि मग ऊर. तोडून."

मी तोडून बोललो. माणूस थोडा सटकलेला आहे हे लक्षात आलं होतं, पण खोल्या स्वच्छ होत्या आणि नळ अंगणात होता.

"कधी येता राहायला?" गुरुजी म्हणाले.

नायगावचा माणूस उठला आणि फाटकातून जाताना मला म्हणाला, "सांभाळून राहा, साहेब."

गुरुजींकडे एक वही होती. जुनी, लांबोडकी, पुठ्ठ्याच्या बांधणीची, शाळेत हजेरीला वापरतात तसली. तिच्यात एकाच शब्दाची नोंद होती, ऊर. चार रकाने आखलेले. भाषा, अर्थ, उत्पत्ती, कोणाकडून कळले. देगलूरला नवीन असताना एका म्हाताऱ्या कानडी हमालाने त्यांना सांगितलं होतं की ऊरु म्हणजे गाव. तेलुगूतही तेच. त्या दिवसापासून त्यांना पाट्या वेगळ्या दिसायला लागल्या. देगलूर, चाकूर, लातूर. लातूरचं जुनं नाव लत्तलूर, ते सांगताना गुरुजी प्रत्येक अक्षरावर काठी आपटायचे.

"बघा काटेवाले," ते म्हणायचे, "हितं कोण राहत होतं, काय खात होतं, काई माहीत न्हाई. त्यांची भाषा गेली. माणसं गेली. ह्यो एक तुकडा राहिला. लोक रोज त्या पाटीखाली उभं राहून एसटीची वाट बघत्यात, आन वर काय लिवलंय ते कुणाला ठाव न्हाई."

मग म्हणायचे, "नाव सगळ्यात शेवटी पडतं. घर आधी पडतं."

असं काही बोलले की माझ्या बायकोच्या अंगावर काटा यायचा. "गुरुजी, संध्याकाळच्या वेळी असं नका बोलू," ती म्हणायची. ते म्हणायचे, "बरं माय." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

वहीतल्या नोंदी मी वाचल्या होत्या आणि मला त्या माणसाबद्दल आदर वाटायला लागला होता, तो उत्पत्तीच्या रकान्यामुळे. त्या रकान्यात दोनच शेरे असायचे, 'नाते सिद्ध' किंवा 'नाते असिद्ध'. कानडी आणि तेलुगू, नाते सिद्ध. त्यांचा एक जुना विद्यार्थी जर्मनीत कंपनीत होता, त्याने कळवलं होतं की तिकडे ऊर म्हणजे घड्याळ. गुरुजींनी लिहून घेतलं, पुढे शेरा, नाते असिद्ध. त्याच विद्यार्थ्याच्या शेजारच्या टेबलावर हंगेरीचा माणूस बसायचा, त्यांच्याकडे ऊर म्हणजे मालक, साहेब. असिद्ध. हिब्रूत, अगदी जुन्या, ज्वाळा. असिद्ध. ग्रंथालयातल्या एका पुस्तकात त्यांना सापडलं की हजारो वर्षांपूर्वी इराकच्या भागात लोक कुत्र्याला ऊर म्हणायचे, आणि तिथल्याच एका शहराचं आज सांगितलं जाणारं नावही ऊर. ही ओळ पेन्सिलने लिहिलेली होती, आणि 'कोणाकडून कळले' या रकान्यात लिहिलं होतं, 'मेलेल्या माणसांकडून'.

"शहराचं नाव ऊर आणि आपलं गावही ऊर, म्हणजे गुरुजी, हे एकच असेल की," मी एकदा म्हणालो.

त्यांनी वही मिटली. "आवाज सारखा निघाला म्हणून लगेच सोयरीक लावता? तुमच्या काट्यावर असं चालतं का?"

 चालत नाही, हे मला मान्य करावं लागलं.

रविवारी ते सिटी बसने गुरुद्वाऱ्याला जायचे. दर्शनाला नव्हे, चौकशीला. देशोदेशीचे लोक तिथे येतात. फाटकाबाहेर उभं राहून ते परदेशी चेहरा दिसला की पुढे व्हायचे आणि विचारायचे, "मदर टंग?" ऑटोवाले त्यांना ओळखत होते. एक जण मोठ्याने ओरडायचा, "आ गए उस्ताद! कोई गोरा छुपा लो!" एकदा स्पेनकडच्या डोंगराळ भागातली एक बाई त्यांना भेटली, तिच्या मायबोलीत ऊर म्हणजे पाणी. गुरुजींना तिचं इंग्रजी कळेना, म्हणून तिने स्वतःच वहीत एक थेंब काढून दिला. तो थेंब ते सगळ्यांना दाखवायचे. त्या एका दिवशी मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं.

पण वहीतली पहिली ओळ कोरी होती. भाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहिलेलं, आणि पुढचे तिन्ही रकाने रिकामे. मराठीत ऊर म्हणजे छाती, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी दोनदा सुचवून पाहिलं. पहिल्यांदा त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "त्या ओळीचं मी बघतो."

बोलण्यातही ते हा शब्द वापरायचे नाहीत. आमची मुलगी समृद्धी, म्हणजे समू, तेव्हा चौथीत होती. रोज सकाळी सव्वासहाला गुरुजी तिला आणि गल्लीतल्या आणखी दोन मुलींना ओट्यावर बसवून वही वाचून दाखवायचे आणि पाढ्यासारखी म्हणून घ्यायचे. कानडी गाव, तेलुगू गाव, जर्मन घड्याळ, हंगेरी मालक. एकदा समू धडा वाचत होती, त्यात 'आईचा ऊर भरून आला' असं वाक्य आलं. गुरुजी म्हणाले, "छाती म्हण."

"पण पुस्तकात ऊर आहे."

"असू दे. छाती म्हण, बाळा."

ते भित्रे होते, हे मी स्पष्ट लिहितो. असा भिणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांच्या खोलीत भिंतीला टेकून काहीही ठेवलेलं नसे, आणि ते स्वतःही कधी भिंतीला टेकून बसत नसत. पंखा होता, पण त्याच्याखाली खाट नव्हती. कडी लावायचे नाहीत. चपला नेहमी दाराकडे तोंड करून. आणि कोनाड्याऐवजी खोलीच्या मधोमध, एका स्टुलावर, परातीत पाच स्टीलचे पेले एकावर एक उपडे ठेवलेले असायचे. जमीन जराही हलली की पेले परातीत पडून वाजणार. नांदेड-लातूरच्या भागात जमिनीतून आवाज येतात, हे इथल्या कोणालाही सांगायला नको. लांब कुठे बोअरची गाडी चालावी तसा गुरगुर आवाज येतो, भांडी थरथरतात, लोक रस्त्यावर येतात, अर्ध्या तासाने परत जातात आणि चहा ठेवतात. गुरुजी परत जायचे नाहीत. ते दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि तळहात जमिनीला लावून बघायचे, पोराचा ताप बघतात तसं.

त्यांना बघून बघून मलाही भीती चढायला लागली. रस्त्यावरून ट्रक गेला तरी माझी नजर परातीकडे जायची.

एका उन्हाळ्यात गुरुजी आठ दिवसांसाठी देगलूरला गेले. तिसऱ्याच दिवशी वारा सुटला आणि आमच्या कोपऱ्यातला पत्रा फडफडायला लागला. बायको समूला पोटाशी धरून बसली. दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या बांधकामावरून दगड आणले आणि पत्र्याच्या उताराच्या कडेने मांडले. चौदा. हाताने तोलून, सहा किलोपेक्षा हलका एकही घेतला नाही.

गुरुजी परत आले, फाटकातच थांबले. पिशवी हातातून सुटली. बराच वेळ ते पत्र्याकडे बघत उभे होते. मग ओट्यावर बसले आणि मला बोलावलं.

"किती हायत?"

"चौदा."

"माझ्या घरावर नऊ होते," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो.

"आमचं गाव तिकडं, औशाच्या खाली. त्या मोठ्या भूकंपात माळवदाची घरं बसली. येवढाला मातीचा थर वरती. त्याच्या खालचं माणूस काढाया दुपार झाली. जे पत्र्याखाली होते ते उठून बाहेर आले. माझं घर पत्र्याचं होतं, काटेवाले. मी देगलूरला नोकरीवर, बायको गावी. आदल्या साली भुई हलाया लागली तवा तिनं कार्ड टाकलं, वरच्या दगडाचं भ्याव वाटतंय, उतरवून जावा. मी उलट टपाली लिवलं, दिवाळीच्या सुट्टीत उतरवतो. त्या साली झालंच न्हाई. पुन्हा लिवलं, ह्या दिवाळीत नक्की." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "दिवाळी दीड महिन्यावर आली होती. बाकीचे दगड भाईर पडले. एक आत आला."

तो कुठे लागला, ते त्यांनी सांगितलं नाही. उजवा हात छातीवर ठेवला आणि काढून घेतला.

"आज उतरवा," ते म्हणाले.

मी उतरवायला लागलो. त्यांनी लगेच एक फिटर बोलावला, सगळ्या पत्र्यांना हुकाचे बोल्ट मारून घेतले. फक्त कोपऱ्यातल्या, दारावरच्या पत्र्याखालचा वासा किडलेला निघाला. बोल्ट धरेना. फिटर म्हणाला, लोखंडी अँगल आणून चार दिवसांत बसवतो. आणि गेला तो गेलाच.

बारा दगड खाली आले होते. उरलेले दोन त्याच कोपऱ्यात होते, कडुनिंबाच्या फांदीआड, अंगणातून न दिसणारे. बायको म्हणाली, "अहो, ते दोन राहू द्या. पत्रा उडाला तर दारात खेळणाऱ्या लेकरांच्या मानंवर येईल. फिटर आला की काढा."

मी हिशेब केला. मी प्रत्येक गोष्टीचा करतो. त्या महिन्यात जोराचा वारा सात दिवस आला होता. जमीन हलली होती एकदा, तीही पेला न पडता. सातास एक. हा हिशेब मला तेव्हा अगदी चोख वाटला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा तो नेम सुरू झाला. सहा वाजून दहा मिनिटांनी आवाज आला, "काटेवाले, वर किती?"

मी म्हणालो, "शून्य."

 मग गुरुजी म्हणाले, "शाबास." त्यांच्या आवाजात इतकी सुटका होती की मी दार उघडून खरं सांगायला उठलो होतो. उठलो आणि पुन्हा बसलो. म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे.

वर चढून बघणं त्यांच्या गुडघ्याला शक्य नव्हतं. कोणाला चढवून बघावं, असं त्यांच्या मनातही आलं नसणार. गल्लीत ते सांगायचे, "आमचे भाडेकरू काटेवाले हायत. आकडा चुकायचा न्हाई." मी एकोणीस दिवस रोज सकाळी 'शून्य' सांगितलं. नोकरीत मी दहा ग्रॅमच्या फरकासाठी लोकांचे काटे जप्त केले आहेत.

त्या एकोणीस दिवसांत मला नीट जेवण गेलं नाही. फिटरच्या घरी चार वेळा जाऊन आलो. 'गावाला गेलाय' एवढंच उत्तर. बायकोला म्हणालो, उद्या मीच काढतो. ती म्हणाली, "आभाळ बघा की कसं आलंय." आभाळ खरंच आलेलं होतं. एका भीतीने दुसरीला हात लावू दिला नाही.

विसाव्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं. आमच्याकडे चौथ्या दिवशी पाणी, आणि तेही चाळीस मिनिटं, त्यामुळे मी पहाटेपासूनच अंगणाच्या पलीकडच्या टोकाला नळावर होतो. दारापासून नळ बावीस पावलं. समूला रात्रीपासून ताप होता, म्हणून ती ओट्यावर आली नव्हती, कोपऱ्यातल्या खोलीत झोपली होती. गुरुजींनी नळावर येऊन विचारलं, मी शून्य सांगितलं. ते वही घेऊन ओट्यावर बसले. दोन मुली समोर. "कानडी?" "गाव!" "तेलुगू?" "गाव!"

आधी कावळे उडाले. मग खालून तो आवाज आला, पण नेहमीसारखा लांबून नाही, पायाखालून. कळशीतलं पाणी गोल हलायला लागलं. आणि गुरुजींच्या खोलीत परातीत पेले पडले, एकामागून एक, पाच.

मी पाय उचलला, पण तो पुढे पडेना. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. जमीन हलते तेव्हा बावीस पावलं फार लांब असतात. निकामी गुडघ्याचा तो म्हातारा मात्र ओट्यावरून उडी टाकून निघाला. दोन्ही मुलींना काठीने फाटकाकडे ढकललं आणि सरळ आमच्या कोपऱ्यातल्या दारात शिरला.

आमच्या घराला मागून, स्वयंपाकघरातून, दुसरं दार होतं. माझी बायको त्या दारातून धावत पुढे आली. तिने समोर बघितलं. गुरुजी समूला उचलून, दोन्ही हातांनी छातीशी धरून, कोपऱ्यातल्या दारातून बाहेर येत होते. बायको किंचाळली, "तिकडून नका! गुरुजी, तिकडून नका, मागच्या दारानं!"

आणि गुरुजी तिला धीर देत ओरडले, "भिऊ नका! वर शून्य हाय! वर शून्य हाय!"

पहिला दगड त्यांच्या मागे उंबऱ्यावर पडला. त्याच्या आवाजाने त्यांनी मान वर केली. वर बघितलं, आणि त्यांना दिसलं. तेवढ्यात ते समूवर वाकले. दुसरा दगड त्यांच्या खांद्यावर बसून पुढे घसरला.

सगळं मिळून बारा-पंधरा सेकंद झाले असतील. समूला खरचटलंसुद्धा नव्हतं. ती त्यांच्याखालून बाहेर आली आणि आधी म्हणाली, "गुरुजींची वही पडली."

मी नंतर ते दोन्ही दगड माझ्या तपासणीच्या काट्यावर ठेवले. पहिला सात किलो चारशे. दुसरा नऊ किलो दोनशे. का ठेवले, विचारू नका.

डॉक्टर म्हणाले, गळ्याजवळचं हाड आणि तीन बरगड्या. चौथ्या दिवशी मला एकट्याला आत सोडलं. त्यांची छाती पट्ट्यांनी आवळलेली होती, उजवा हात बांधलेला. श्वास मोजून घेत होते. मी खाटेजवळ उभा राहिलो. बसायची हिंमत झाली नाही.

त्यांनी डोळे उघडले. "काटेवाले."

"हां, गुरुजी."

"वर किती होते?"

"दोन."

ते छताकडे बघत राहिले. पलीकडच्या खाटेवरचा माणूस खोकत होता. मी बोलायला लागलो, फिटर, वासा, वारा, सात दिवस, एक दिवस. त्यांनी डावा हात थोडा वर केला, तसा मी थांबलो.

"आता किती?"

"शून्य."

"कुणी मोजले?"

"मी."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "पोरीला चढवा. शिडी धरा तुमी. तिला मोजू द्या, आन तिनं यिऊन मला सांगावं."

दुसऱ्या दिवशी मी शिडी धरली आणि समू वर चढली. तिने पत्र्याच्या चारही कडा बघितल्या, फांदी बाजूला करून बघितली, आणि उतरून दवाखान्यात जाऊन सांगितलं. तेव्हा गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. रागाने नव्हे. तपासून सदोष निघालेल्या काट्याकडे मीही परत बघत नाही.

दवाखान्यातून त्यांचा पुतण्या त्यांना गावी घेऊन गेला. आमचीही पुढे लातूरला बदली झाली. बदलीआधी मी दोनदा त्यांना भेटायला गेलो. ते चांगलं बोलले, चाकूरमधल्या 'चाक'चा काही पत्ता लागला का विचारलं. पण काटेवाले म्हणाले नाहीत. 'साहेब' म्हणाले.

दोन वर्षांनी पुतण्या लातूरला आमच्या घरी आला आणि वही समूच्या हातात देऊन गेला. गुरुजींनीच जाण्याआधी तसं सांगून ठेवलं होतं. मी ती आधी पाहिली नाही, तिला पाहू दिली. तिने पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं.

मराठीची ओळ भरलेली होती. अक्षर वाकडंतिकडं, डाव्या हाताचं. अर्थ, छाती. उत्पत्ती, संस्कृत, नाते सिद्ध. आणि 'कोणाकडून कळले' या रकान्यात एकच शब्द होता, 'घरातून'.

आता लातूरला आमचं स्वतःचं घर आहे, स्लॅबचं. गच्चीवर उन्हासाठी पत्र्याची छोटी शेड केली आहे. तिला बारा बोल्ट आहेत, ते मी दर महिन्याला आवळतो. वर काही नाही. चपला मी दाराकडे तोंड करून काढतो. स्वयंपाकघरात एका परातीत पाच पेले उपडे असतात. बायको आधी हसायची, आता तीच ते नीट लावून ठेवते.

समू नांदेडला शिकायला आहे, हॉस्टेलवर राहते. मागच्या महिन्यात सकाळी लातूरला जमीन हलली. फार नाही, वरचे दोन पेले पडले. लोक रस्त्यावर आले. मी आणि बायको फाटकाबाहेर उभे होतो तोच फोन वाजला. बातमी तिच्यापर्यंत पोचायला चार मिनिटं लागली होती.

"पप्पा, नीट हायत ना दोघं?"

"हाव. बाहेरच आहोत."

"वर किती?"

"शून्य," मी म्हणालो.



"बरं. फोन आईकडं द्या."